अंदमानातल्या सात मुठी

अंदमानला जाऊन यायला मला दीड महिना लागला आणि हे लिहायला पाच महिने. त्या मानानं प्रवास सोपा. साप्ताहिकाच्या संपादकांनी तीनदा निरोप धाडला. पहिल्या निरोपाला शाई संपल्याचं कळवलं, दुसऱ्याला ताप आल्याचं, आणि तिसरा आला तेव्हा मी घरीच नव्हतो. एरंडोलला एका मित्राची नवी म्हैस बघायला गेलो होतो. म्हैस चांगली आहे. पण तो विषय वेगळा.

टाळाटाळीचं खरं कारण आमच्या घरातलं आहे आणि ते आधी सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. खानदेशातल्या वाचकांना कानबाई काय ते सांगायला नको, पण हा अंक नाशकापर्यंत जातो म्हणतात, म्हणून त्यांच्यासाठी. श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी आमच्याकडं कानबाई देवी बसते. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, गहू मोजून घेतात, पण मापानं नाही, मुठीनं. भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषामागं सव्वा मूठ. म्हातारा असो की कालचं जन्मलेलं पोर, मूठ सारखीच. परगावी असलेल्याचीही धरायची. आणि त्या गव्हाचा रोट खायचा तो फक्त भाऊबंदांनी. परक्याला तुकडा देत नाहीत, मग तो कितीही जवळचा असो. थोडक्यात, घरात माणूस आहे की नाही हे तलाठ्याच्या दप्तरावरून नाही, कानबाईच्या परातीवरून ठरतं.

आमच्या परातीत एक मूठ पंचाहत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी बंद झाली. सुपडूकाकांची. आमचे आबा, म्हणजे माझ्या आजोबांचे सगळ्यांत धाकटे भाऊ, त्यांचे हे काका. बांधावरून मारामारी झाली, समोरचा माणूस दगावला, आणि विशीतल्या, बिनलग्नाच्या सुपडूकाकांना काळ्या पाण्यावर धाडलं. समुद्र ओलांडला म्हणजे माणूस जातीतून गेला, असं तेव्हाच्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं आणि पुढच्या श्रावणापासून त्यांची मूठ घातली नाही. त्यावर पुन्हा कुणी बोललं नाही. खुनापेक्षा समुद्र वाईट, असा तो काळ.

गेल्या श्रावणात मात्र आबांचा हात परातीवर थांबला. माणसं चंद्रावर जाऊन आल्याची बातमी ताजी होती.

"लोके चांदवर जाईसन उनात," आबा म्हणाले, "अन आपला माणूस कोठे शे, हाई आपलाले ठाऊक नही. त्येना वंश व्हई तं? जित्ता माणूसनी मूठ दाबी ठेवणं बरं नही."

आबांचं वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्या पिढीतले ते एकटेच उरले आहेत आणि मूठ त्यांच्याच हातानं पडते.

नाना समोरच बसले होते. नाना म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. जळगावला कामानिमित्त जा-ये असल्यामुळं ते शुद्ध बोलतात. "आबा, एकदा मूठ घातली की तो भाऊबंद झाला. आणि भाऊबंद झाला की उद्या वाटा मागत बांधावर येऊन उभा राहतो. आहे का कुणी, कशाला उकरता?"

"शे का नही तेच तं पाहानं शे."

मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मॅट्रिकला दोनदा आपटलेला, जिनिंगमधली नोकरी तीन आठवडे केलेला, ओंकारेश्वरपर्यंत चालत जाऊन आलेला घरात मी एकटाच. मी हुशार आहे म्हणून मला पाठवलं असं कुणी समजू नये. मी रिकामा होतो.

*

माघात निघालो. ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी सांगतो: आमच्या गावाहून जामनेरकडून येणाऱ्या छोट्या गाडीनं पाचोरा, ही गाडी इतकी हळू जाते की मध्ये उतरून बोरं तोडता येतात. मी तोडली. पाचोऱ्याहून पॅसेंजरनं भुसावळ, आणि भुसावळहून हावडा मेल. तिसऱ्या वर्गात बसायला जागा मिळेल ती नागपुरानंतर. सोबत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरी, ठेचा आणि शेव होती. भाकरी रायपूरला संपल्या. ठेचा कलकत्त्यापर्यंत पुरला, कारण डब्यात ज्याला दिला त्यानं दुसऱ्यांदा मागितला नाही.

कलकत्त्यात जहाजाच्या तिकिटासाठी नऊ दिवस थांबावं लागलं. जहाज पंधरा-वीस दिवसांतून एकदा सुटतं, कधी सुटतं ते खिडकीतल्या माणसालाही नक्की ठाऊक नसतं, आणि ठाऊक असलं तरी तो बंगालीत सांगतो. त्याआधी पटकीची टोचणी घेऊन दाखला आणा म्हणाले. नऊ दिवसांत मी ट्राममध्ये बसून शहर पाहिलं. भिंती घोषणांनी भरलेल्या. जेवायला धर्मशाळेजवळ एका मारवाड्याच्या खाणावळीत जात होतो. मी जळगावकडचा म्हटल्यावर त्यानं तिथल्या आपल्या सगळ्या नातेवाइकांची नावं सांगितली आणि पैसे पूर्ण घेतले.

बंकचं भाडं साधारण एक पोतं ज्वारीच्या भावात जातं. बंक म्हणजे जहाजाच्या पोटात एकावर एक मांडलेल्या फळ्या. जहाज सुटलं आणि थोड्या वेळानं उभं राहिलं. हुगळी नदीत भरती येईपर्यंत थांबतात. म्हणजे एवढं मोठं लोखंडी जहाज, ज्यात चारशे माणसं, कोंबड्यांची खुराडी आणि एक लग्नाचं वऱ्हाड, ते पाण्याची मर्जी बघत चिखलाशेजारी उभं. चंद्रावर जाणाऱ्यांना पोचायला चार दिवस लागले होते. आम्हालाही समुद्रात चारच लागले, पण त्यांना भरतीसाठी थांबावं लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाणी गढूळचं निळं झालं आणि निळ्याचं काळं. काळं पाणी ही म्हण आहे असं मी समजत होतो. तो रंग आहे. तिसऱ्या दिवशी मासे उडाले. वीतभर चांदीचे मासे पाण्यातून वर येत आणि टोळधाडीसारखे शंभर-दीडशे हात जाऊन पुन्हा पाण्यात पडत. नाना हे वाचतील म्हणून लिहितो: हे खरं आहे. जहाजावरच्या सगळ्यांनी पाहिलं. फक्त बंकमध्ये ओकत पडलेल्यांनी पाहिलं नाही, आणि त्यांत पहिले दोन दिवस मीही होतो.

*

पोर्ट ब्लेअर गाव चढ-उतारांचं. लाकडी घरं, वर पत्रे, दोन्ही बाजूंना पाणी. उतरल्यावर हमाल हिंदुस्थानीत बोलला तेव्हा जीव भांड्यात पडला. इथं बंगाली, मद्रासी, मलबारी, पंजाबी, ब्रह्मी, रांचीचे आदिवासी, सगळे आहेत, आणि कुणालाच दुसऱ्याची भाषा येत नसल्यामुळं सगळ्यांना हिंदुस्थानी येते. जुन्या कैद्यांच्या पोटी जन्मलेले स्वतःला 'लोकल' म्हणवतात. तेही हिंदुस्थानीच बोलतात आणि मोठ्या रुबाबात राहतात. इतरांचे बाप जमिनीसाठी किंवा पोटासाठी आले; यांचे सरकारी खर्चानं.

धर्मशाळेत पथारी टाकून मी पहिल्याच दिवशी सरकारी कचेरीत गेलो. जुन्या कैद्यांची दप्तरं कुठं पाहायला मिळतील, असं विचारलं. कारकून मद्रासकडचा, शांत माणूस होता.

"कैदी का नंबर बोलो."

"नंबर नाही ठाऊक. नाव सुपडू."

"इधर नाम से कोई नहीं आया," तो म्हणाला. "सब नंबर से आए." मग जरा वेळानं म्हणाला की नंबर असता तरी उपयोग नव्हता, लढाईत जपानी इथं तीन वर्षं होते, त्या काळात पुष्कळ कागद गेले. कशात गेले? त्यानं चुलीकडं बोट केलं. तिच्यावर चहा उकळत होता.

झालं. कामाचा पहिला दिवस आणि काम संपलं. परतीच्या जहाजाला सतरा दिवस. इथून पुढं मी जे केलं त्याला आबांच्या समोर 'शोध' म्हणालो असलो, तरी तुमच्यापासून काय लपवायचं, मी भटकलो.

तुरुंग पाहिला. चांदणीसारख्या त्याच्या सात फांद्या होत्या म्हणतात. आता निम्म्याच उभ्या आहेत. कोठडीत उभा राहिलो आणि हात पसरले, तर दोन्ही भिंतींना टेकायला थोडेच कमी पडले. मोठ्या लोकांच्या आठवणी सांगणारा माणूस दाराशी होता. सुपडूकाकांसारखे, ज्यांनी बांधावरून कुऱ्हाड चालवली, त्यांच्याबद्दल विचारलं तर म्हणाला, "वो तो आम कैदी." आम कैद्यांना सांगणारा माणूस नसतो.

समोरच्या रॉस बेटावर गोऱ्या साहेबांची वस्ती होती. नाचघर, चर्च, पोहण्याचा तलाव. आता चर्चच्या खिडकीतून वडाच्या मुळ्या आत आल्या आहेत आणि साहेबांनी शिकारीसाठी आणलेली हरणं नाचघरात चरतात. हरणांना कुणी कळवलेलं दिसत नाही की राज्य गेलं. बेटावर जायला होडी मिळवावी लागते. नावाड्याशी आधी बोलून ठेवा, नाहीतर तो परत न्यायला विसरतो. मला विसरला. चार तास हरणांबरोबर काढले.

गोगलगाय इथं मुठीएवढी. जपान्यांनी खायला आणल्या असं लोक सांगतात. जपानी गेले, गोगलगायी राहिल्या, आणि आता केळी-पपयांच्या बागा खातात. आमच्याकडच्या केळीवाल्यांनी ती बाग पाहिली असती तर घेरी आली असती. इथली केळी मात्र आमच्या केळींपुढं काही नाहीत, हे मी भूमिपुत्र म्हणून नाही, खाऊन सांगतो. निकोबारकडच्या बेटांवर नारळाच्या झाडावर चढून नारळ फोडणारे खेकडे आहेत. ते मी पाहिले नाहीत, एका खलाशानं त्यातल्या एकाची नांगी दाखवली. माझ्या मनगटाएवढी होती. नानांनी यावर विश्वास ठेवलाच पाहिजे असं नाही.

*

बाराव्या दिवशी मला हत्ती बघायचे होते. खाडीपलीकडं, फेरीनं बांबूफ्लॅटला उतरून पाच-सहा मैल चाललं की जंगलखात्याचा तळ लागतो. तिथं हत्ती पडाउकचे ओंडके ओढतात. लाल लाकूड असतं ते, कापलं की भाजलेल्या विटेसारखं दिसतं. हत्ती ओंडका ओढतो, थांबतो, सोंडेनं नीट सरळ करतो आणि पुन्हा ओढतो. कुणी सरळ कर म्हणत नाही. मी सकाळपासून दुपारपर्यंत तेच पाहत बसलो.

तळाच्या मागं जंगलाची एक गर्द रेघ होती. तिच्या आत जारवा आदिवासी राहतात. नव्या रस्त्यासाठी सरकार आत शिरायला बघतं आणि ते बाणांनी उत्तर देतात. लोक त्यांना रानटी म्हणतात. माझ्या समजुतीप्रमाणं त्यांचं म्हणणं साधं आहे: आम्हाला काही नको. हे ऐकायची कुठल्याच सरकारला सवय नसते. ज्यांनी पूर्वी दार उघडलं, ते मूळचे अंदमानी आता इतके थोडे उरलेत की एका होडीत मावतील, असं तळावरचे लोक सांगत होते. जारवांना हे कुणी सांगितलं असेल का? नसेल. तरी ते दार लावून आहेत.

ओंडक्यांची मापं घेणारा एक साठीचा माणूस होता, यूसुफभाई. त्याचा आजा मलबारातून कैदी होऊन आलेला. माझी शेव खाता खाता त्यानं विचारलं, इथं कशाला आलास. मी सगळं सांगितलं. सुपडू, बांध, परात. मूठ म्हणजे काय ते समजावताना मी खरोखरच मूठ आवळून दाखवली.

यूसुफभाई चावायचा थांबला. "इतवार को? बरसात में?"

"हो. हां."

"दरवाज़ा बंद करके खाते हैं? किसी को देते नहीं?"

"नहीं देते."

"हीरामन का घर," तो म्हणाला. "मेरा पड़ोसी है. पचास साल से पड़ोसी. ईद की सेवई मेरे यहाँ खाता है, उसकी शादी में मैं दूल्हे के बराबर बैठा. और साल में एक इतवार को मेरे मुँह पर दरवाज़ा बंद करता है. पूछो क्यों, तो बोलता है, बाप का हुकुम." त्यानं मापाची पट्टी खाली ठेवली. "चलो. आज तो मैं पूछूँगा."

पन्नास वर्षांचा राग घेऊन तो पुढं आणि मी मागं, असे आम्ही निघालो. दप्तरानं जे सांगितलं नाही ते शेजाऱ्यानं सांगितलं, आणि तेही मी हत्ती बघायला गेलो म्हणून. रिकाम्या माणसांबद्दल जे बोललं जातं त्यात ही बाजू येत नाही.

*

हिरामण म्हणजे केव्हाच वारलेल्या सुपडूकाकांचा एकुलता मुलगा, वय बासष्ट-त्रेसष्ट. नाक आबांचं. हे मी नंतर कुणाला पटवू शकलो नाही, पण नाक आबांचंच. अंगणात सुपारीची झाडं, जांभ्याचा ओटा. मराठी त्याला येत नाही. फक्त आठ-दहा शब्द येतात आणि ते सगळे आपल्याकडचे, तेही रागावण्याचे. बापानं मुलाला बहुधा रागावतानाच स्वतःची भाषा वापरली.

सुपडूकाकांनी सुरुवातीची काही वर्षं त्या मोठ्या तुरुंगाच्याच विटा वाहिल्या. मग वागणूक चांगली म्हणून खुलं सोडलं, दोन बिघे जमीन दिली आणि लग्नाला परवानगी. लग्न कसं होत असे तेही हिरामणनं सांगितलं. बायकांच्या तुरुंगात कैदी स्त्रिया रांगेत उभ्या करायच्या, पुरुष यायचा, दोघांचं जमलं तर साहेबासमोर सही. सुपडूकाकांनी लक्ष्मी नावाची बाई पत्करली. कुठली? तेलंगणाकडची असावी. जात? हिरामण हसला. "यहाँ सब की एक ही जात थी. उम्रक़ैद."

हिरामणची बायको वारली. तिचा बाप ब्रह्मदेशातून आलेला कैदी होता. त्यांना एक मुलगी, कमला. अंदाजे तिशीची, गावातल्या प्राथमिक शाळेत शिकवते, लग्न केलेलं नाही. डोळे आजोळचे, बारीक.

वरचे हे दोन परिच्छेद मी पाच महिने लिहीत नव्हतो.

मी विचारलं, कानबाईला मुठी किती? उत्तर कमलानं दिलं, कारण बापाचा हात आता कापतो म्हणून दहा वर्षं मुठी तीच भरते. "घर की एक. और उधर की सात."

उधर की म्हणजे आमच्याकडच्या. सुपडूकाका निघाले तेव्हा घरात सात पुरुष होते. त्यांनी मुलाला ते सातही पाठ करून दिले. आजा, बाप, दोन भाऊ, त्यांची मोठी दोन पोरं, आणि सर्वांत शेवटी एक नुकतंच जन्मलेलं, ज्याचं बारसंही झालं नव्हतं. कमला बोटांवर म्हणून दाखवत गेली आणि शेवटी म्हणाली, "और एक पालने वाले का." गहू रेशनला मिळाला तर गहू, नाहीतर तांदूळ. जपान्यांच्या वेळी काहीच नव्हतं तेव्हा रानातल्या कंदाच्या चकत्या मुठीनं मोजल्या.

आम्ही जिवंत माणसाची मूठ बंद केली, आणि इथं समुद्रापलीकडं एका घरात सत्तर वर्षं आमची सगळ्यांची मूठ भरत होते. मी मान खाली घालून बसलो. मग मला सांगावंच लागलं की त्या सातांपैकी सहा जण गेले. सुपडूकाकांचे आजा-बाप तर लगेच गेले, शेवटचे माझे आजोबा, त्यांनाही अकरा वर्षं झाली. पाळण्यातलं मूल तेवढं आहे, अठ्ठ्याहत्तर वर्षांचं, आणि त्यानंच मला पाठवलं आहे.

हिरामण उठला, विहिरीवर गेला आणि अंगावरच्या कपड्यांनिशी अंघोळ केली. सहा बादल्या, मोजून, सहांच्या नावानं. सुतकाची अंघोळ. यूसुफभाई भांडायला आला होता ते विसरून कुंपणापाशी उभा राहिला. कुणीतरी रस्त्यावरून विचारलं, "कौन गुज़र गया?" यूसुफभाई म्हणाला, "छह लोग." त्यानंतर अर्ध्या तासात सगळं गाव अंगणात जमलं. कुणी भात आणला, कुणी माशाचं कालवण, सुतकात चालत नाही म्हटल्यावर कुणी उकडलेला कंद. रांचीकडची एक म्हातारी हिरामणच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "एक ही दिन में सब?" तो म्हणाला, "ख़बर आज आई."

कुणी साठ-सत्तर वर्षांपूर्वी प्लेगनं, कुणी अलीकडं वयानं गेलेल्या, पाचोरा तालुक्यातल्या सहा शेतकऱ्यांसाठी अंदमानातल्या एका घरात त्या दिवशी चूल पेटली नाही. आमच्याकडं त्यांची तिथीही धड कुणाला आठवत नाही.

संध्याकाळी माणसं पांगल्यावर हिरामणनं हळूच विचारलं, "तो इस साल से एक ही मुट्ठी?"

मी म्हटलं, नाही, नवे पुष्कळ झालेत. आता आम्ही एकोणीस आहोत. त्यानं माझ्याकडून एकोणीस नावं लिहून घेतली. म्हणजे कमलानं, शाळेच्या वहीत. नानांचं नाव सहावं आहे.

"आप चलो ना हमारे साथ," मी त्याला म्हणालो.

"पिताजी?" कमला हसली. "टापू पर पैदा हुए, और फेरी में बैठते ही उलटी करते हैं. पोर्ट ब्लेअर से आगे कभी नहीं गए."

*

परतीचं जहाज, पुन्हा चार दिवस, पुन्हा दोन दिवस ओकणं. हावडा, नागपूर, भुसावळ. फाल्गुनाच्या उन्हात घरी पोचलो. ओसरीवर सगळे भाऊबंद जमले आणि मी तोंडी हकिकत सांगितली. लग्नांचा भाग गाळला. मुलगा आहे, त्याला मुलगी आहे, माणसं भली आहेत, आणि आपल्या मुठी भरतात.

आबांनी एवढंच विचारलं, "मनी मूठ कोण भरस तठे?"

"कमला. हिरामणकाकांची पोर."

आबांनी आपल्या हाताकडं पाहिलं.

नाना खाकरले. "हा ओंकारेश्वरला गेला तेव्हाही नर्मदेत मगरीवर बसलो म्हणाला होता."

हे खरं आहे. मी म्हणालो होतो.

"कलकत्त्याला दीड महिना काढून आला नाही कशावरून? मी तोंडी मानत नाही. छापून आलं तर मानीन." नानांची ही श्रद्धा जुनी आहे. लग्नाची बोलणी, खताचे भाव, पावसाचा अंदाज, सगळं छापील हवं. "साप्ताहिकात येऊ दे. गावाचं, माणसांचं, लग्नकार्याचं, सगळं सविस्तर. मग बसू आणि मुठीचं ठरवू."

सगळं सविस्तर. तिथंच माझी शाई संपली. लग्नकार्य सविस्तर लिहिलं तर नानांच्या हाती आयतं कोलीत: जात नाही, कूळ नाही, ब्रह्मदेशचं आजोळ, यांची कसली मूठ. आणि गाळून छापलं, तर ज्या माणसांनी सत्तर वर्षं आमचं एक नाव गाळलं नाही, त्यांचं मी गाळतो. एकदा गाळून लिहिलंही. दोन पानं सुरेख झाली होती, त्यात कमलाचे डोळेही आपल्याकडच्यासारखे काळेभोर झाले होते. सकाळी वाचून पाहिलं आणि बंबात घातलं.

आबांच्यानं आता ओट्यावरून फारसं उतरवत नाही. परवा मला जवळ बोलावून लेख कधी होणार विचारलं, म्हणाले, "तुना कागद कवय व्हई? मना हात ह्या साले शे. पुढला सालनं कोन सांगस?"

म्हणून आज गुरुवारी सकाळपासून बसून, काही न गाळता लिहिलं. उद्या अंक छापायला जातो, शनिवारी आमच्या गावात येईल, रविवारी कानबाई. नानांनी काय ठरवायचं ते ठरवावं. मी एवढं सांगतो की मला दीड महिन्यात जे मिळालं ते म्हणजे उडते मासे नव्हेत. परक्या अंगणात माझ्या आजोबांसाठी सुतक धरून बसलेली माणसं मी पाहिली. त्याला छापील पुरावा नाही. ज्यांना अंदमानला जायचंय त्यांनी माघ-फाल्गुनात जावं, समुद्र त्यातल्या त्यात शांत असतो. टोचणीचा दाखला न्यावा. आणि घरातल्या कुणाचं नाव जुन्या लोकांनी गाळलं असेल तर तेवढं विचारून जावं.

एवढं लिहून पाकिटावर पत्ता घालत होतो, तेवढ्यात माझा चुलतभाऊ धापा टाकत ओसरीवर आला. दुपारच्या छोट्या गाडीनं एक बाई उतरली आहे म्हणतो. एकटी. हाती पत्र्याची पेटी, पायांत कापडी बूट, डोळे बारीक. स्टेशनमास्तरनं कुणाकडं जायचं विचारलं, तर तिनं वही काढली आणि एकोणीस नावं वाचायला सुरुवात केली. स्टेशनवर निम्मं गाव जमलं आहे. सहावं नाव वाचलं तेव्हा नाना तिथंच होते, जळगावहून त्याच गाडीनं उतरलेले.

"मंग?" आबांनी विचारलं.

"मंग काय, आबा. नाना पेटी उचलीसन ली येई राहिनात."

आबांनी घरात हाक मारून परात मागवली आहे. गुरुवारी कुणी गहू मोजत नाही, हे त्यांना आत्ता कुणी सांगायला जात नाही. अंगणाच्या फाटकाची कडी वाजली, मी उठतो.